दुसऱ्याच्या नावाचे पत्र आणि भाडेकरूचे कर्तव्य

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून शिक्षणासाठी व चाकरीसाठी कोल्हापुरास जाऊन राहणारी कुटुंबे थोडी नाहीत. कोणी गोकुळ शिरगाव अथवा शिरोली येथील कारखान्यात कामास लागतो, कोणी रुग्णालयात परिचारिका होते, कोणी शिवाजी विद्यापीठात शिकावयास जातो. ह्या सर्वांस राजारामपुरीत, शाहूपुरीत, मंगळवार पेठेत अथवा कसबा बावड्यात भाड्याच्या खोलीत संसार थाटावा लागतो. अशा घराच्या दारी कधीतरी टपालवाला एक जाड पाकीट आणतो. वर नाव घरमालकाचे असते, पत्ता मात्र ह्याच घराचा. आणि कोपऱ्यात एखाद्या बँकेचा किंवा पतसंस्थेच्या वसुली विभागाचा शिक्का. घरमालक दुसऱ्या गावी राहतो. पाकीट हाती घेणारी भाडेकरूची बायको मनात म्हणते, "मालकाने कर्ज बुडविले की काय? मग आमच्या अनामत रकमेचे काय होणार?"

आता ह्या पाकिटाचे काय करावे? फोडून वाचावे, की चुलीत घालावे? मालकास द्यावे, की शेजारणीस दाखवून तिचा सल्ला घ्यावा? प्रश्न लहान दिसतो; परंतु माणसाच्या सचोटीची परीक्षा बहुधा अशा लहान वस्तूंवरच होत असते. ह्यास्तव आम्ही ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू इच्छितो. ज्यांच्याकडे गावकरी आपले कागद वाचून घ्यावयास येतात, त्या आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंनी तर ह्याकडे विशेष लक्ष द्यावे. कारण असे पाकीट पुष्कळदा त्यांच्याच हाती प्रथम येते.

पहिली गोष्ट ही की, पत्र ज्याच्या नावाचे त्याचे. ते आमच्या उंबऱ्याच्या आत पडले म्हणून आमचे होत नाही. वाट चुकून आमच्या गोठ्यात शिरलेले शेजाऱ्याचे वासरू जसे आमचे नव्हे, तसेच हे. कोणी म्हणेल, "वासरू ठेवून घेणे ही चोरी, पत्र वाचून परत चिकटविले तर कोणाचे काय गेले?" ह्यास आमचे उत्तर असे की, पत्रातील मौल्यवान वस्तू कागद नव्हे, तर त्यातील मजकूर होय, आणि तो एकदा वाचला म्हणजे परत देता येत नाही. कागद परत करून मजकूर ठेवून घेणारा मनुष्य टरफल परत देऊन दाणा खाणाऱ्यासारखा आहे.

ह्या बाबतीत कायद्याचा इतिहासही बोधप्रद आहे. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात दुसऱ्याचे पत्र जाणूनबुजून दडपून ठेवणे किंवा मुद्दाम फोडणे ह्यांस शिक्षा सांगितली होती. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला, आणि जुन्या कायद्यातील गुन्ह्यांची व शिक्षांची ती लांबलचक यादी नव्या कायद्यात राहिली नाही. मग आता पत्र फोडण्यास मोकळीक मिळाली असे समजावे काय? मुळीच नाही. दंडाच्या भयाने जो आजवर पाकीट फोडीत नव्हता, त्याची सचोटी दंडाबरोबरच संपेल. पण जो शेजाऱ्याच्या अब्रूकडे पाहून फोडीत नव्हता, त्याला दोन्ही कायदे सारखेच. कायदा जेथे बोलावयाचा थांबतो, तेथून सदसद्विवेकाचे खरे काम सुरू होते.

दुसरी गोष्ट, पत्र फाडणे अथवा दडपणे ही दया नव्हे. काही भोळे लोक असे मानतात की, मालक भला आहे, हा वसुलीचा कागद पाहून त्याच्या जिवास घोर लागेल, तेव्हा कागद नाहीसा करावा हे बरे. येथे एका जुन्या गोष्टीचे स्मरण होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, व तो पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख होता तो खतांवर व रोख्यांवर. ते हिसकावून त्यांनी जाळले. कारण त्या काळी सावकाराच्या पेटीतला तो कागद म्हणजेच कर्ज होते. कागद गेला म्हणजे पुरावा गेला. त्या दंग्याची चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु आजचा वसुलीचा कागद तसा नाही. कर्ज बँकेच्या दप्तरात नोंदलेले राहते. आपल्या दारी येते ती केवळ सूचना. ती जाळल्याने कर्जाचा एक पैसाही कमी होत नाही; कमी होतात ते ऋणकोच्या हातचे दिवस.

आणि हे दिवस मोलाचे असतात. घर गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढले असेल, तर २००२ च्या सरफेसी नावाच्या कायद्याप्रमाणे बँक प्रथम साठ दिवसांची मागणीची नोटीस देते. त्या साठ दिवसांत ऋणको पैसे भरू शकतो किंवा आपली हरकत लेखी कळवू शकतो, व त्या हरकतीचे उत्तर देणे बँकेस भाग असते. मुदत संपली म्हणजे बँक घराचा ताबा घेण्याच्या मार्गास लागते. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचे साहाय्य मागता येते. ताब्याच्या पावलाविरुद्ध ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागावयाची तर पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे. कर्ज पतसंस्थेचे असेल, तर १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्यातील कलम १०१ प्रमाणे वसुलीचा दाखला निघतो, व पुढे वसुली अधिकारी जप्ती आणि विक्री करू शकतो. आता पाहा, भाडेकरूने दयाळूपणाने पाकीट फडताळात टाकले आणि चाळीस दिवस तेथेच राहू दिले, तर त्याने मालकाचे साठातले चाळीस दिवस चोरले. मित्रत्वाच्या हेतूने केलेली ही कृती शत्रूच्या कृतीहून कमी घातक नाही.

तिसरी गोष्ट, पत्राच्या पलीकडच्या टोकासही माणसे आहेत हे विसरू नये. "बँक मोठी, तिचे काय बुडते?" असे आपण सहज म्हणतो. परंतु कोल्हापूर जिल्हा हा सहकाराचा जिल्हा आहे. येथील पतसंस्थांत जो पैसा असतो तो कोणा कुबेराचा नव्हे. विधवेची पुंजी, दूध घालणाऱ्या बाईची बचत, निवृत्त शिपायाची ठेव अशा लहान लहान ओढ्यांनी ती विहीर भरलेली असते. कर्ज थकले म्हणजे शेवटी ठेवीदाराची ठेव अडकते. ह्यास्तव ऋणकोचा कागद लपविणारा केवळ संस्थेस फसवीत नाही. तो आपल्याच गावच्या एखाद्या म्हातारीसही फसवीत असतो.

त्याचप्रमाणे ऋणकोस लगेच लबाड ठरवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरच्या सखल भागांतील घरे व दुकाने पाण्याखाली गेली. ज्याचा माल भिजला त्याने उधार आणून दुकान पुन्हा मांडले. मग हप्ते थकले तर त्यात लबाडी कोठे? कोणाचे कर्ज दवाखान्यामुळे, कोणाचे मुलीच्या लग्नामुळे, तर कोणाचे खरोखर व्यसनामुळे असेल. पाकिटावरून हे कळत नाही. ज्याचे कारण आपणांस ठाऊक नाही, त्याचा न्याय करण्यास आपण बसू नये.

तर मग भाडेकरूने करावे काय? मार्ग सरळ आहे. साधे पत्र असेल तर ते न फोडता त्याच दिवशी मालकास कळवावे आणि पोहोचते करावे, किंवा त्याच्या सांगण्याप्रमाणे ठेवावे. मालकाचा ठावठिकाणा ठाऊक नसेल, तर पाकिटावर "हे गृहस्थ ह्या पत्त्यावर राहत नाहीत" असे लिहून ते टपालवाल्याच्या हाती परत द्यावे. सही घेऊन देण्याचे टपाल असेल, तर मालकाने सांगितल्यावाचून त्याच्याबद्दल सही करू नये; कारण आपल्या सहीने त्यास नोटीस पोहोचली असे धरले जाण्याचा संभव असतो, आणि पुढे कागद त्याच्या हाती न गेल्यास दोष आपल्या माथी येतो. मालक म्हणेल, "कोणतेही टपाल घेऊच नका, म्हणजे झाले." त्यास नम्रपणे सांगावे की, "दादा, योग्य पत्त्यावर धाडलेले टपाल नाकारले तरी ते मिळाल्याप्रमाणेच न्यायालये बहुधा धरतात. तेव्हा नाकारून आपला काही लाभ नाही." असे सांगणे हेच खरे हितचिंतन होय. पाकीट चुकून फोडले गेले असेल, तर पुन्हा बंद करून, घडले ते स्पष्ट सांगून द्यावे. गुपचूप चिकटवू नये. नोटीस दारावर डकविली असेल, तर ती फाडू नये. ती डकविणे हा कायद्याने सांगितलेला प्रकार आहे.

परंतु नाव पाहूनच सर्व कागद एका मापाने मोजू नयेत. घरफाळ्याच्या थकबाकीचा कागद "भोगवटादार" म्हणून आपल्याच नावे आला, तर तो आपला आहे, तो वाचावा. महानगरपालिकेच्या कायद्यात थकलेला घरफाळा काही मर्यादेत घरात राहणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे, आणि भरलेली रक्कम भाड्यातून वळती करून घेता येते. तसेच न्यायालयाचा किंवा प्राप्तिकर खात्याचा लेखी हुकूम भाडेकरूच्या नावे आला की, "मालकास देण्याचे भाडे आमच्याकडे भरा," तर तो बाजूस टाकू नये. वकिलास दाखवावा आणि मालकासही कळवावे. मात्र दारी आलेल्या कोणा माणसाने केवळ तोंडी मागितले म्हणून त्यास भाडे देऊ नये. ज्यांस वकील परवडत नाही अशांसाठी १९८७ च्या कायद्याप्रमाणे विधिसेवा प्राधिकरणे आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अल्प उत्पन्नाचे लोक ह्यांस तेथे विनामूल्य साहाय्य मिळते.

आता दारी येणाऱ्या वसुलीच्या माणसाविषयी. येथे प्रामाणिक मनुष्य खऱ्या पेचात सापडतो. मालकाने बजावून ठेवलेले असते, "कोणी विचारले तर मी येथे येतच नाही, माझा पत्ता ठाऊक नाही, असे सांगा." मालक रागावला तर खोली जाण्याची भीती, खोटे बोलावे तर मन खाते. आम्ही येथे एक भेद स्पष्ट करू इच्छितो. न सांगणे आणि खोटे सांगणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. मालकाचा दूरध्वनी क्रमांक, त्याच्या मुलाचा पत्ता, त्याच्या येण्याच्या वेळा हे सर्व सांगण्यास भाडेकरू बांधलेला नाही. त्याने इतकेच म्हणावे, "आम्ही भाडेकरू आहो, मालक ह्या घरात राहत नाहीत, त्यांच्या कर्जाशी आमचा संबंध नाही, आपण आल्याचे त्यांस कळवू, ह्याहून अधिक सांगावयाचे नाही." ह्यात खोटे अक्षर एकही नाही, आणि चहाडीही नाही. "पत्ता ठाऊक नाही" हे मात्र ठाऊक असता म्हणू नये. मालकासही आधीच सांगून ठेवावे, "आपली गुपिते आम्ही फोडणार नाही, परंतु आपल्यासाठी खोटी साक्षही देणार नाही." असे स्वच्छ बोलणाऱ्या भाडेकरूवर शहाणा मालक अधिकच विश्वास टाकील, कारण जो आपल्यासाठी खोटे बोलतो तो उद्या आपल्याशीही खोटे बोलेल, हे त्यास कळते.

वसुलीस येणाऱ्यासही मर्यादा आहेत, हे खेड्यातून आलेल्या बायाबापड्यांनी जाणून असावे. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले की, वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, कोणास शिवीगाळ किंवा धाकदपटशा करू नये, चारचौघांत अपमान करू नये, आणि ऋणकोच्या घरच्या माणसांच्या व मित्रांच्या खाजगीपणात शिरू नये. जेथे ऋणकोच्या आप्तांसही त्रास देता येत नाही, तेथे निव्वळ भाडेकरूस दरडावण्याचा अधिकार कोठून येणार? तेव्हा भिऊ नये. ओळखपत्र व अधिकारपत्र पाहावयास मागावे, आणि उर्मटपणा न करता दार लावावे.

येथे कोणी वाचक म्हणेल, "आपण मालकाचे व बँकेचे हित पाहिले, परंतु आमच्या लेकराबाळांचे काय? घर लिलावात गेले तर आम्ही रस्त्यावर येऊ. मग पाकीट फोडून सत्य जाणून घेणे हा आमचा हक्क नाही काय?" हा आक्षेप पोकळ नाही. आपल्या कुटुंबाच्या निवाऱ्याची काळजी वाहणे हेही कर्तव्यच आहे. परंतु सत्य जाणण्यास उघडी दारे असता खिडकीतून शिरण्याचे कारण काय? पहिले दार मालक स्वतः, त्यास एकान्तात सरळ विचारावे, "आपल्या नावे बँकेचा कागद आला आहे, आम्ही फोडला नाही, पण घरावर बोजा असेल तर आम्हांस सांगावे, कारण आमचा संसार येथे आहे." दुसरे दार नगर भूमापन कार्यालय, मिळकतपत्रिकेवर बोजा चढला असेल तर तेथे दिसतो. तिसरे, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील दस्तांचा शोध. चौथे, सरसाई नावाची गहाणांची मध्यवर्ती नोंदवही, जी कोणालाही शुल्क भरून पाहता येते. ह्या दारांनी जे कळते ते सन्मानाने कळते, आणि न्यायालयातही दाखविता येते.

शिवाय कायद्याने भाडेकरूस अगदी उघड्यावर टाकिलेले नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भाडेकरूंच्या एका प्रकरणात ठरविले की, भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूस सरफेसी कायद्याच्या आधाराने सरसकट बाहेर काढता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन भाडेकरूस आपला हक्क न्यायाधिकरणापुढे मांडण्याची वाट मिळाली. परंतु २०१९ साली त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, भाडेकरार खरा असल्याचा पुरावा पाहिजे. बँकेची नोटीस निघाल्यावर केलेल्या करारास तसे संरक्षण मिळत नाही. अकरा महिन्यांच्या परवान्याने राहणाऱ्यास तर भाडेकरूइतका हक्क नसतोच. ह्यावरून बोध एवढाच: १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदलेला असावा, आणि तो नोंदविणे हे मालकाचे काम आहे, भाड्याची पावती मागून घ्यावी, भाडे शक्यतो बँकेमार्फत द्यावे, आणि अनामत रकमेचा आकडा करारात लिहून घ्यावा. "मालकाचे घर जाणारच आहे" असे म्हणून भाडे थांबवू नये. तो अन्याय तर आहेच. पण ज्या फांदीवर बसलो तीच तोडणेही आहे, कारण नियमित भाडे देणाऱ्यासच कायदा राखतो.

आता सर्वांत कठीण प्रसंग. समजा, त्याच वाड्यातील दुसरी खोली घ्यावयास एक नवे कुटुंब आले. ते मोठी अनामत रक्कम देणार आहे, आणि जिन्यात थांबून आम्हांस विचारते, "मालक कसे आहेत? पैसे द्यावयास हरकत नाही ना?" गप्प राहावे तर एक गरीब बुडतो, सांगावे तर मालकाची अब्रू जाते. अथवा मालकाच्या मुलीच्या स्थळाची चौकशी करावयास कोणी आला, तर त्यास काय सांगावे?

आमच्या मते ह्या दोहोंचे उत्तर एक नाही. सोयरिकीच्या चौकशीस आलेल्यास मालकाच्या टपालाविषयी बोलण्याचे आम्हांस काहीच कारण नाही. ते ज्याचे त्याने मालकास विचारावे. परंतु जो आपली पुंजी त्याच घरात गुंतवू पाहतो, तो ज्या खड्ड्याच्या काठावर उभा आहे तो खड्डा आम्ही पाहिला आहे. त्यास "काही हरकत नाही" असे म्हणणे हे उघड पाप होय. पाकिटाचा उल्लेख न करता त्यास म्हणावे, "कोल्हापुरात कोणतेही घर घेताना अनामत रक्कम देण्यापूर्वी मिळकतपत्रिका पाहावी, गहाणाचा शोध घ्यावा, आपणही घ्यावा, असा आमचा सल्ला आहे." एवढे ऐकून शहाणा सावध होतो, आणि मालकाचे गुपितही आमच्या तोंडून फुटत नाही. परंतु नोटीस दारावर डकविली गेली असेल किंवा वर्तमानपत्रात छापली गेली असेल, तर ते गुपित राहिले नाही. तेव्हा ती बोटाने दाखविणे हे आमचे कर्तव्यच आहे. अब्रूचे रक्षण करणे चांगले. परंतु एकाची अब्रू दुसऱ्याच्या भाकरीने विकत घेता येत नाही.

सारांश, भाडेकरू हा ह्या बाबतीत न्यायाधीश नव्हे आणि साथीदारही नव्हे. तो निरोप्या आहे. निरोप्याचे गुण तीन: निरोप वाटेत उघडीत नाही, वाटेत टाकीत नाही, आणि वाटेत विकीत नाही. मालक, धनको, शेजारी आणि आपली मुलेबाळे ह्या चौघांचेही देणे आपणांवर असते, आणि ते चुकविण्यास कोठेच खोटे बोलावे लागत नाही. प्रिय बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या नावाचे पत्र हाती येईल तेव्हा क्षणभर असा विचार करावा की, उद्या आमच्या नावाचे असेच पत्र दुसऱ्याच्या दारी पडले, तर त्याने त्याचे काय करावे असे आम्हांस वाटेल? मग जे उत्तर मनात येईल, त्याप्रमाणेच वागावे.